खांद्यावरची दुमड

मुरबाडला आमचं काम जुने जपानी किमोनो उसवायचं होतं. रेशमाचे गठ्ठे यायचे, आम्ही बायका टाके काढून सरळ पट्ट्या मोकळ्या करायचो, मग त्यांच्या पिशव्या शिवल्या जायच्या. सातवीत शाळा सुटलेली मी, परभणीहून इतक्या लांब येऊन काम मिळालं म्हणून मालकीणबाईंपुढे कधी मान वर करत नसे. मुलगी गावी आईकडे होती.

एकदा लहान पोरीचा किमोनो हातात आला. पोर वाढली की सोडता यावी म्हणून दोन्ही खांद्यांवर दुमड घातलेली होती, आपण परकराला खाली घालतो तशी. एक उसवली तर आतलं रेशीम कोरं, लालभडक निघालं.

शेजारची डोळखांबची मावशी वाकून म्हणाली, "ही कोणी सोडलीच नाय गो. पोर वाढली नाय का काय?"

"मावशी, गप बसा ना."

"अगो, दुसरा शिवला असल, त्यांना काय कमी हाय! तुझी केवढी झाली?"

मी हात कमरेपाशी नेला, मग जरा वर. नक्की सांगता येईना. निघाले त्याला दोन दिवाळ्या झाल्या होत्या.

चार दिवसांची सुट्टी मागितली तर काम जाईल, ही धास्ती होतीच. तरी चहाच्या वेळी बाईंकडे गेले.

"हातातला गठ्ठा संपव आणि जा. तुझी जागा कोणी घेत नाही," त्या म्हणाल्या.

मी पाया पडले. आनंद व्हायला हवा होता, पण काहीच वाटेना. नुसती उभी राहिले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं, जा की आता."