काट्यावर बसणारी मामी

आमची मामी रोज सकाळी कापसाच्या काट्यावर बसायची. सडा घालायचा, तुळशीला पाणी घालायचं, चूल पेटवायची आणि मग काटा. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. आमच्या सुनेच्या न्हाणीघरातसुद्धा पायाखाली ठेवायचा काटा आहे. आहे ना. ती त्यावर उभी राहते आणि तोंड पाडून बाहेर येते. मामीनं काट्यापायी तोंड कधी पाडलं नाही. शिवाय मामी बसायची ती जिंतूरच्या मोंढ्यात, म्हणजे भर घाऊक बाजारात, निजामाच्या राज्यात, जिथं चांगल्या घरच्या बाईनं दिवसाढवळ्या पाऊल टाकायची रीत नव्हती. फरक काय तो एवढाच.

आई गेल्यावर मी मामाकडे वाढले. मामा आडत्या होता. पुढं आडतीचं दुकान, मागं घर आणि मधल्या आवारात पत्र्याखाली तो मोठा काटा टांगलेला. जाड लोखंडी दांडी, दोन्हीकडं साखळ्यांना अडकवलेल्या दोन फळ्या. एका फळीवर माल, दुसरीवर मापं. सगळ्या मोंढ्याचं सुखदुःख त्या दांडीवर टांगलेलं असायचं.

मामी जाड होती. “अंगानं भरलेली”, “खात्यापित्या घरची” वगैरे काही नाही, जाड. माझ्या आजीला, म्हणजे मामीच्या सासूला, त्याचा केवढा अभिमान. आजी स्वतः काडीसारखी, पण सून अशी की चारचौघीत उठून दिसावी. लग्नाकार्यात ती मामीला मुद्दाम पुढं बसवायची. सून बघितली की घर कळतं, असं तिचं म्हणणं. लेकुरवाळ्या बायका मामीच्या दंडाकडं बघून हेवा करायच्या, आणि मामी बिचारी गुडघे दाबत बसलेली असायची.

एका श्रावणात मामी आवारातल्या शेवाळावरून घसरून पडली. गुडघा धरला आणि उठता येईना. आजीनं नि मी हात दिला, शेजारच्या दोघी आल्या, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी मामानं मोंढ्यातून चार हमाल बोलावले. हमाल भली माणसं, पण हाताला सवय पोत्याची. त्यांनी मामीच्या चारी अंगाला हात घातले, पोतं उचलताना देतात ती हाळी दिली आणि तिला ओसरीपर्यंत आणलं. तिथं आल्यावर एकानं सवयीनंच विचारलं, “मालक, कुठं रचू?”

सगळा मोंढा हसला. हमाल बिचारा जीभ चावून उभा. मामीसुद्धा हसली, पण संध्याकाळी मी तिच्या गुडघ्याला तेल चोळत होते तेव्हा तिचे डोळे कोरडे आणि लाल होते. तिनं मला तिच्या आईचं सांगितलं. आई शेवटची कैक वर्षं खाटेवर होती, अशीच जाड. उठवायचं, बसवायचं, न्यायचं, आणायचं, सगळं भावजयांनी. त्या उचलताना काय काय बोलायच्या ते मामीनं माहेरपणाला गेल्यावर भिंतीआडून ऐकलं होतं. शब्द तिनं मला सांगितले नाहीत. एवढंच म्हणाली, “चौघांनी उचलायचं ते एकदाच, पोरी. रोज रोज न्हाई.”

गुडघा भार धरायला लागला त्या सकाळी मामी उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि मोंढा उघडायच्या आत आवारात जाऊन काट्याच्या फळीवर बसली.

काट्यावर माल तोलणारे मापाडी होते चाँदचाचा. पांढरी दाढी, कानाला गुंडाळलेला रुमाल. मालकीणबाईला फळीवर बघून त्यांना काय करावं कळेना. मामी म्हणाली की तोला. चाचांनी तोंड दुसरीकडं फिरवलं आणि पहिलं माप टाकून सवयीनं म्हणाले, “लाभ.” आमच्याकडं माल तोलताना एक म्हणत नाहीत, पहिल्याला लाभ म्हणतात. मामीनं तिथंच त्यांना थांबवलं. माझ्या अंगाला आणखी कसला लाभ, चाचा, म्हणाली, दोनापासून मोजा. चाचांची पंचाईत झाली. उभ्या जन्मात त्यांनी दोनापासून मोजलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस ते पहिलं माप टाकताना दाढीतल्या दाढीत लाभ म्हणून घ्यायचे आणि दोन मोठ्यानं म्हणायचे.

वजन मात्र ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. मालकाच्या घरच्या बाईचं वजन बाजारात बोलायचं नसतं, असा त्यांचा कायदा. मापं उतरवता उतरवता खाली बघून फक्त “कम है”, “ज्यादा है” नाहीतर “वैसाइच है” एवढंच. मामीलाही तेवढंच पाहिजे होतं. कम म्हणाले तर बरं म्हणायची, ज्यादा म्हणाले तरी बरं. पण ज्यादाच्या दिवशी घरच्या आडातलं पाणी बंद. कमरेवर घागर घेऊन वेशीबाहेरच्या विहिरीला जायची, आणि रात्री ताटात अर्धीच भाकरी. मी एकदा विचारलं की कम झाल्याच्या दिवशी काही गोडधोड करत का नाहीस. तर म्हणाली, कम झालं म्हणून लाडू न्हाई अन् ज्यादा झालं म्हणून रडू न्हाई.

गावात चर्चा तर होणारच. जित्या माणसाला तोलायचं ते नवस फेडताना, देवापुढं, गुळानं नाहीतर धान्यानं. एरवी कोण तोलतं? तेव्हा मामीनं मोठा नवस बोललाय आणि त्याचीच ही तयारी चाललीय, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं. एवढ्या देहाचा गूळ म्हणजे सगळ्या गावाला पुरला असता. एके दिवशी पाच-सात जणी खरंच वाट्या घेऊन दारात आल्या आणि गूळ कवा वाटणार म्हणून विचारायला लागल्या. मामीनं त्यांना बसवलं, ताक दिलं आणि शांतपणे सांगितलं की मी गूळच सोडलाय बायांनो, वाटू कुठून.

खरी लढाई घरात होती. आजीनं आधी लक्ष्मीचा मुद्दा काढला. पाडव्याला काट्याची पूजा होते, त्याला पाय लावायचा म्हणजे काय. मामी म्हणाली, पाय कुठं लावलाय, मी बसते. मग आजी म्हणाली की रोज तोललं की आयुष्य गळतं. मामी म्हणाली की मग कापसाचं काय काय गळत असंल. मामा दोघींच्या मधे कान खाजवत उभा राहायचा. त्या माणसाला तेवढंच जमायचं, पण एक सांगते, त्यानं काटा कधी कुलपात घातला नाही.

पुढं एकदा सलग काही दिवस “ज्यादा” यायला लागलं. मामी रोज घागर वाहते, अर्धी भाकरी खाते, आणि चाचा खाली बघून ज्यादा म्हणतात. मला वाटलं, हिचा आता धीर सुटणार. मामीनं काय केलं, दुपारी सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्या वाटीतल्या वरणात बोट बुडवलं आणि ते दोन बोटांत चोळून बघितलं. मग वाटी उचलून आजीपुढं ठेवली.

“आत्याबाई, काटा खोटं बोलत न्हाई,” ती म्हणाली. “तूप कवापासून घालायलाव तेवढं सांगा.”

आजी एकदम भडकली. गाव काय म्हणतंय ते तुला ठाऊक हाय का, सुनेला उपाशी मारायलेत म्हणतंय, माझ्या तोंडाला काळं फासायलीस तू. बोलता बोलता ती रडायला लागली. आजी वाईट नव्हती हो. वाळलेली सून म्हणजे सासूची बदनामी, हे तिनं जन्मभर ऐकलेलं. मामीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, गावाला म्हनावं, म्हना. अन् ती वाटी तिनं कुत्र्याला घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काट्यावर.

सरकारी माणसालाही तिनं सोडलं नाही. मोंढ्यातली मापं तपासायला एक साहेब यायचा, तुर्की टोपीवाला. तो एकदा भल्या सकाळी आला आणि समोर फळीवर बाई. हा काटा मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, असं त्यानं उर्दूत मामाला सुनावलं. मामाची बोबडी वळली. मामी फळीवरून हलली नाही, साहेबाकडं बघितलंसुद्धा नाही. मामाला म्हणाली, “सायबाला सांगा, बापानं मला सोनं तोलून दिलंय ह्या घरात. मी बी मालच हाय.” मामानं ते काय उर्दूत सांगितलं असेल देव जाणे, पण चाचा “कम है” म्हणेपर्यंत ती उतरली नाही.

अशी वर्षं गेली. हे एका पावसाळ्यात झालेलं काम नाही, कुणाला तसं वाटत असेल तर वाटू नका देऊ. महिनोन् महिने नुसतं “वैसाइच है”. पण घागर रोजची झाली, मग मामी शेताला पायी जायला लागली, मग नेमगिरीच्या डोंगरापर्यंत जाऊन यायला लागली. उठताना भिंतीला हात लावणं थांबलं. बारीक अशी ती कधीच झाली नाही. तिला बारीक व्हायचंच नव्हतं.

आणि मग पोलिस ॲक्शनच्या आधीचा तो पावसाळा आला. ज्यांनी तो काढला त्यांना सांगायला नको. रोज एका जळालेल्या गावची बातमी, रोज एक घर बंद. आमचे बैल गाडीसकट कुणी सोडून नेले ते कळलंसुद्धा नाही. एका संध्याकाळी चाचा मागच्या दारानं आले आणि मामाला म्हणाले की उद्या उजाडताना निघा, शेतातून जा, सडकेनं जाऊ नका. पूर्णा ओलांडायची आणि वऱ्हाड गाठायचं, असं ठरलं.

उजाडताना गाठोडी बांधून सगळे उभे, आणि मामी काट्यावर. मामा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. चाचा पहिलं माप हातात घेऊन उभे होते. त्यांनी ते फळीवर टाकलं नाही, परत खाली ठेवलं. “आज नहीं तोलता, बाई,” म्हणाले. “वापस आके बैठो, तब तोलूंगा.” मामी उतरली आणि तिनं चाचांना वाकून नमस्कार केला. पोलिस ॲक्शन होऊन आम्ही परत आलो तेव्हा काट्याशी दुसराच मापाडी होता, आणि चाचांचं काय झालं हे कुणी नजरेला नजर देऊन सांगेना. त्यावर मी इथं बोलणार नाही. बोलायला लागले तर माझ्या तोंडाला आवर राहायचा नाही.

दिवसभर चिखल तुडवत आम्ही चाललो. मामी सगळ्यांच्या पुढं, डोक्यावर पिठाचं गाठोडं. पूर्णेला पाणी होतं. काठावर भेटलेला म्हातारा वाटाड्या म्हणाला, कमरेइतकं आहे, पण ओढ आहे, आणि वर पाऊस चाललाय, घटकाभरात एवढंही राहणार नाही. मामानं आपल्या धाकट्या पोराला खांद्यावर घेतलं, डोक्यावर गाठोडं घेतलं आणि पाण्यात शिरला. आजी काठावर बसली. गुडघ्याच्या वर चढलेलं पाणी तिनं आयुष्यात बघितलं नव्हतं. माझं झालं आता, मला हितंच राहू द्या, म्हणायला लागली. मामा पलीकडं जाऊन परत येईपर्यंत नदी थांबणार नव्हती, हे तिलाही दिसत होतं आणि आम्हालाही.

मामीनं आपलं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं, पदर खोचला आणि आजीपुढं उकिडवी बसली.

“बसा पाठीवर.”

आजी म्हणाली की तुला झेपायचं नाही, आपण दोघीही जाऊ. मागं हात नेऊन मामीनं आजीचे दोन्ही हात आपल्या गळ्यात ओढले आणि उठली. भिंतीला हात न लावता, कुणाचा हात न धरता, पाठीवर माणूस घेऊन ती एका दमात उभी राहिली, आणि सरळ पाण्यात शिरली. मी तिच्या मागं, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून.

मध्यावर पाणी छातीला लागलं. मामी एकेक पाऊल आधी चाचपायची, मग टाकायची. आजी डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत होती. ते नाव मधेच थांबलं. मला वाटलं, हिला भोवळ आली. पण आजी मामीच्या कानाशी, एरवी चुलीपुढं करायची तशीच कुरकुर करत म्हणाली, “खात जा गं काहीतरी. हाडं टोचायलेत तुझी.”

मामी भर पाण्यात थांबली. वरून पाऊस, खाली ओढ, पलीकडून मामा हात हलवून ओरडायलाय, आणि ही थांबलेली. तिची पाठ गदगद हलत होती. मला आधी कळेना, रडते की काय.

“आत्याबाई,” ती हसत हसत म्हणाली, “परत म्हना.”

आणि आजीनं परत म्हटलं.