ज्वारीच्या पोत्यांतला वास

ती खोली मला अजून आठवते, आणि तिच्यातला वासही. पालमच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. चातुर्मास चालू होता, झड लागली होती. सकाळीच एका गावातून फोन आला. सावत्र आईने दोन्ही पोरींना विष घातलं, असं त्यांची आत्या सांगत होती.

मी दवाखान्यात पोचेपर्यंत दोघी गेल्या होत्या. थोरली सात वर्षांची. सावत्र आई रात्री त्यांच्याच खोलीत, दाराशी झोपलेली. उलट्या तिलाही झाल्या होत्या, पण ती वाचली होती. बाप शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यात जनावरांपाशी होता. आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली, घरी जाऊन पंचनामा केला. खिडक्या बंद, भिंतीला ज्वारीची पोती, लसणासारखा वास. तो वास मी लिहिला आणि फोडणीचा समजून सोडून दिला. सावत्र आई म्हटलं की पोलिसाचीही अक्कल गहाण पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून सोडताच तिला ठाण्यात आणलं. महिला शिपाई शेजारी बसवून दिवसभर तेच तेच विचारलं. त्या रात्री पोरी आणि मी एकाच ताटात जेवलो, एवढंच ती सांगत राहिली. मला ते पढवलेलं वाटलं. संध्याकाळी जबाब लिहिताना कालवणात काय काय होतं ते विचारलं. तिने सांगितलं, त्यात लसूण नव्हता.

"चातुर्मास हाय साहेब. आमच्यात चार महिने लसूण घरात येत न्हाई."

माझा पेन तिथंच थांबला.

परत जाऊन पोती सोडली. आत फडक्याच्या पुरचुंड्या होत्या, त्यांत राखेसारखी भुकटी. बाप म्हणाला, "ज्वारीला सोंडे लागले होते. दुकानदारानं सुट्ट्या गोळ्या देल्त्या. धान्याला चालत्यात म्हणला." ओलसर हवेत त्या गोळ्यांचा लसणासारख्या वासाचा विषारी वायू झाला आणि बंद खोलीत साचला. पोरींचं वर्षभराचं खाणं किडू नये म्हणून बापानेच त्या ठेवल्या होत्या. तो पोत्याला टेकून खाली बसला, आम्ही निघेपर्यंत उठला नाही.

ठाण्यात येऊन तिला घरी जायला सांगितलं. तिने विचारलं, "लेकरांची माती झाली का?"

दुपारीच झाली होती. तेव्हा मी तिला विष कुठून आणलं ते विचारत होतो.

पुढे प्रत्येक गावबैठकीत मी सांगत आलो, की माणसं झोपतात त्या खोलीत या गोळ्या ठेवू नका. लोक माना डोलवायचे. गेल्या पावसाळ्यात झरीकडे एका नातेवाइकाकडे मुक्कामाला गेलो. त्यांनी प्रेमाने आतल्या खोलीत अंथरूण घातलं. उशाशी पोती होती, आणि तोच वास.