रुमालाच्या गाठीतल्या गोळ्या

आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटाला चार बारीक छेद, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं. तिला गावच्या घरी, वटारला, न पाठवता मी चंदनसारला माझ्या फ्लॅटवर आणलं. इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, आणि मी आठवड्याची रजा टाकली होती.

निघताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं. दुखायची वाट बघायची नाही, गोळ्या वेळेवर द्यायच्या. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेला गॅस थोडा मागे राहतो, त्याने खांदा दुखेल, घाबरायचं नाही. घरातल्या घरात चालवायचं, दीर्घ श्वास घ्यायला लावायचा, खोकताना पोटावर उशी धरायची. मी तक्ता करून फ्रिजवर लावला. दुखणं आटोक्यात ठेवणं म्हणजे वेळा पाळणं, एवढं सोपं मला वाटलं होतं.

पहिली संध्याकाळ बरी गेली. दुसऱ्या दिवशी तिला उजवा हात उचलवेना.

“बाय, पोट कापायचं होतं ना? मग खांद्यात काय खुपसून ठेवलंय?”

तिसऱ्या दिवशी चार पावलं टाकून ती दाराची चौकट धरून उभी राहिली. श्वास वरच्यावर. मी दर वेळी गोळी तिच्या हातावर ठेवायचे, पाणी द्यायचे आणि तक्त्यावर खूण करायला वळायचे. सगळ्या रकान्यांत खुणा होत्या आणि दुखणं वाढतच होतं. शेवटी डॉक्टरांना फोन केला.

“गोळ्या वेळेवर घेऊनही वाढतंय? मग आत पित्ताची गळती नाही ना, ते बघावं लागेल. संध्याकाळी घेऊन या.”

पिशवी भरताना तिची उशी उचलली. खाली तिचा चर्चला न्यायचा रुमाल होता, कोपऱ्याला गाठ मारलेला. गाठीत पाच गोळ्या. पाचही माझ्या खुणांतल्या.

“आई, हे काय आहे?”

“उपवासकाळ आहे, ईस्टरपर्यंत.”

“मग मटण सोड. गोळ्या कोण सोडतं?”

“मटण डॉक्टरानेच बंद केलंय. त्यात माझा कसला त्याग?”

मी ओरडले. तुझ्यामुळे पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया, आत काही फुटलंय का म्हणून माझा जीव टांगणीला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“हे दुखणं तुझ्या बापासाठी देवाला वाहतेय. त्याला शेवटी कुठलीच गोळी लागू पडत नव्हती, आणि मी बाजूला बसून चहा पीत होते.”

बाबांच्या वेळीही तक्ता मीच केला होता.

मी गावातल्या फादरना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आजाऱ्याला उपवासाचं बंधन नसतं, गोळी घ्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. “हो फादर,” आई अगदी नम्रपणे म्हणाली. फोन ठेवल्यावर म्हणाली, “पोरगा चांगला आहे. अजून घरचं कोणाचं दुखणं काढलेलं नाही त्याने.”

मग डॉक्टरांना खरं सांगितलं. ताप नाही ना, डोळे पिवळे नाहीत ना, हे त्यांनी विचारून घेतलं. म्हणाले, आत्ता एक गोळी द्या. दोन तासांत उतार पडला तर आणू नका, नाही पडला तर लगेच आणा.

म्हणजे आता सगळं त्या गोळीवर होतं, आणि ती घेणं माझ्या हातात नव्हतं. मी ग्लास घेऊन उभी राहिले. दटावणं, समजावणं, सगळं करून झालं होतं.

“आत काय झालंय ते कळायला तरी घे,” मी म्हणाले. “मला भीती वाटतेय.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि गोळी तोंडात टाकली. “ही तुझ्यासाठी. संध्याकाळची माझी.”

दोन तासांनी ती बाल्कनीपर्यंत चालत गेली. कपडे पिळून वाळत घातले नाहीत म्हणून मला बोललीही. दवाखान्याची पिशवी मी रिकामी केली.

संध्याकाळची गोळी तिने माझ्यादेखत रुमालात बांधली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. साडेसातला खांदा पुन्हा धरला. गरम पाण्याची पिशवी मात्र तिने सोडलेल्या गोष्टींत नव्हती. ती मी तिच्या खांद्यावर दाबून बसले. पिशवी निवली की पाणी तापवायचं, पुन्हा बसायचं. तक्त्यावरचा तो रकाना मी रिकामा ठेवला.