ओटीचं ताट

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवरा बोईसरच्या कारखान्यात, आम्ही राहायला सालवडला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तपासण्या, औषधं, नवस, सगळं करून झालं होतं. केळव्याला सासरी कुणाचं डोहाळजेवण असलं की मी सकाळपासून नारळ खवायचे. ओटी भरायची वेळ आली की पुढे लेकुरवाळ्या, आणि मला सासूबाई चुलीवरच्या भाताकडे पाठवायच्या. मी भातावर राग काढायचे. तो हमखास लागायचा.

पालघरच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं, "शनिवारी इथे समुपदेशनाला एक बाई येतात, त्यांच्याशी बोला." माझं डोकंच फिरलं. मी काय वेडी होते? तरी गेले, खरं तर भांडायलाच.

बाईंनी भांडू दिलं. 'होईल गं' म्हणाल्या नाहीत, कुणाच्या मावसबहिणीला उशिरा मुलगा झाला तेही ऐकवलं नाही. एवढ्यावरच मला त्या आवडल्या. काही शनिवार नुसतं ऐकून मग त्यांनी विचारलं, "मूल नाही हे दुःख, आणि ओटीपासून लांब ठेवतात हे दुःख, दोन्ही वेगवेगळी करून बघू या?" मी हमसून रडले. पहिल्याला इलाज उरला नव्हता. दुसऱ्याबद्दल सासूबाईंशी बोलता येण्यासारखं होतं, आणि नणंदेचं डोहाळजेवण तोंडावर आलं होतं.

मग बाई स्वतः माझी सासू बनल्या आणि त्यांनी माझ्याकडून बोलण्याची तालीम करून घेतली. त्यांनी वठवलेली सासू इतकी गोड, की मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी हसले मी.

केळव्याला भात चढवण्याआधीच म्हणाले, "आई, आज मला ओटी भरायची आहे."

सासूबाई बघतच राहिल्या. "मना वाटायचं तुला तरास व्हईल, म्हनून आत धाडायची. कवा बोलली का नाय?" त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पयली माजी सून भरंल." नणंदेने हसत पदर पसरला. काय बाई होती माझी सासू!

मला मूल झालं नाही, ते नाहीच.

त्या संध्याकाळी मी निघताना सासूबाईंनी विचारलं, "असं बोलाया कुटं शिकली?" मी पालघरच्या बाईंचं सांगितलं.

"मना बी नेशील तिच्याकडं? माजी पयली दोन पोरं गेली. आजवर कोनी इचारलंच नाय."