रिकामी किल्ली

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत संगणकांचा सगळा भार जिच्या डोक्यावर होता, तिला सगळे प्रोग्रामरबाईच म्हणत. रिपोर्टात मागाहून कुणी फेरफार करू नये म्हणून तिने प्रत्येक तंत्रज्ञाला एकेक गुप्त किल्ली दिली होती. रिपोर्टचा मजकूर आणि किल्ली एका तयार लायब्ररीच्या, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली केली, की ती अक्षरा-आकड्यांची लांबलचक खूण काढून देई. किल्लीशिवाय ती खूण काढणं कुणाच्या बापाला जमणार नाही, असं बाई छातीठोकपणे सांगे.

एकदा एका रुग्णाचा रिपोर्ट बदललेला सापडला. खाली नाव आणि खूण अण्णांची. अण्णा तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. त्यांच्या सुईला लहान मूलसुद्धा भोकाड पसरत नसे.

"बाई, मी नाही हो बदलला," चौकशीत ते म्हणाले.

"अण्णा, खूण खोटं बोलत नाही."

त्याच आठवड्यात अण्णांना घरी बसवलं.

दीड वर्षाने जुना कोड नव्या सर्व्हरवर हलवताना तिने सहज एक किल्ली पडद्यावर छापून पाहिली. पडदा कोराच. किल्ल्यांच्या फाइलचं नाव अण्णांच्या प्रकरणाआधीच कधीतरी बदललं होतं. कोडला ती सापडत नव्हती, म्हणून तो रिकामी किल्ली पुढे करत होता, आणि लायब्ररी बिनतक्रार खुणा काढत होती. पडताळणीही रिकाम्या किल्लीनेच, त्यामुळे सगळं बिनचूक जुळायचं. म्हणजे कुणीही, कुणाच्याही नावाने खूण काढू शकत होतं. ती तडक प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली.

"झालं गेलं," साहेब म्हणाले. "आता कशाला उकरून काढता?"

तिने स्वतःची चूक कागदावर लिहिली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि थेट अण्णांचं घर गाठलं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बदलला कुणी, ते कळलं?"

"नाही. ते आता कळायचंही नाही."

"म्हणजे माझ्यावरचा संशय गेला म्हणायचा, की सगळ्यांवर आला?"

दारात उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली, "आई जाईपर्यंत बाबांना विचारत होती, तुम्ही खरंच केलं नाही ना? तिला आता कोण सांगणार?"

पत्राला 'नोंद घेतली' एवढंच उत्तर आलं. अण्णांना कुणी परत बोलावलं नाही. बाई अधूनमधून त्यांच्याकडे जात राहिली. मुलगी पाणी आणून देई, पण बसा म्हणत नसे.