न्हाणीवाल्या बाई

आमच्या गावातून एका बाईंना जावं लागलं ते माझ्या एका खोट्या वाक्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्याला तीस वर्षं होत आली. आज लिहायला बसलोय खरा, पण एवढ्यातच दोनदा उठून अंगणात फेरी मारून आलो.

त्यांना सगळे न्हाणीवाल्या बाई म्हणत. कुणाच्याही घरी गेल्या की माणसांच्या आधी त्यांची नजर न्हाणीकडे जाई. "हे पाणी कुठं जातंय?" हाच त्यांचा रामराम. गल्लीत सोडून दिलेलं सांडपाणी दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. पदराच्या गाठीत कायम बिया: दोडका, भोपळा, राजगिरा. बोलता बोलता पायाने माती उकरायच्या, बी टाकायच्या, आणि घरच्या बाईला कळायच्या आत पुढच्या दाराशी पोचलेल्या असायच्या. बसा म्हटलं तर म्हणत, "बसायला येळ न्हाई, तिकडं वाफा सुकून राह्यला." पारावरची मंडळी त्यांच्या तुरुतुरु चालण्याची नक्कल करत आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच मंडळींच्या घरावर दोडक्याचा वेल चढलेला असे.

बाई ग्रामसेविका होत्या. मूळच्या आष्टीकडच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, शिकून नोकरीला लागलेल्या. आमचं गाव भोकरदनहून केदारखेड्याकडे जाताना लागतं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. मी तिथल्या शाळेत एकटा मास्तर. वय बावीस, नोकरी अजून कायम झालेली नाही, आणि लग्न ठरलेलं.

पाला शिजवायचा, पाणी ओतून द्यायचं आणि पिळून भाजी करायची, अशी गावात चाल होती. ते पाणी ओतताना बाई जणू चोर पकडावा तसा हात धरत. "सत्त्व उकिरड्यावर अन् चोथा ताटात? वा गं हुशार! मळ त्यात पीठ." शेजारच्या गल्लीतल्या एका मुसलमान म्हातारीला सगळं गाव खाला म्हणे. तिने एकदा चारचौघींत बाईंना डिवचलं, "अगे बाई, ये पत्ते तो बकरी खाती!" बाई म्हणाल्या, "म्हणून तर बकरी तुमच्याहून तरतरीत हाय, खाला." खालाला हसता हसता ठसका लागला, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बिया मागायला आली.

माझ्या पहिलीच्या वर्गात सखू नावाची मुलगी होती. दिवस कलला की तिला दिसेनासं व्हायचं. भिंत धरून चालायची. आई म्हणे, बाहेरचं झालंय. बाई म्हणाल्या, "बाहेरचं न्हाई, पोटातलं हाय. रोज शेवग्याचा पाला घाल, वरून तेलाचा थेंब. मंग बघ." आईने कुरकुरत का होईना, घातला. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी बाईंनी सखूला शाळेच्या ओट्यासमोर उभं केलं आणि हाताची मूठ उघडली. "सखे, किती बिया?" सखूने मान तिरकी केली. "चार." बाई मटकन ओट्यावर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शाळेमागची पडीक जागा आम्ही दोघांनी मिळून मुलांकडून खणून घेतली. शनिवारी शाळा सुटायच्या आधी मुलं वाफ्यातली भाजी खुडत, घरून आणलेलं मूठमूठ पीठ एकत्र करत आणि बाई तिथेच चूल मांडत. मुली निवडत, मुलगे भाकरी थापायला शिकत. त्यावरूनही कुजबुज झालीच. "पोराला काय सासरी धाडायचंय का?" असं एका बापाने विचारलं. बाई म्हणाल्या, "भूक काय पोरगा-पोरगी बघून लागती का?"

कुंपणाचं काम माझ्याकडे होतं. बाईंनी बोरीच्या काट्या लावायला सांगितल्या होत्या. काट्या दरसाल बदलाव्या लागतात, हात रक्ताळतात. मी ओढ्याकाठचे मोगली एरंडाचे दांडे तोडून आणले आणि ओळीने खोचले. हा एरंड कसाही खोचला तरी जगतो, आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला फळं धरली. बाईंनी ती पाहिली नि म्हणाल्या, "गुरुजी, ह्याच्या बिया इखारी, पण लागतात शेंगदाण्यावाणी. पोरं खातील. काढा हे जल्दी." मी म्हणालो, "दिवाळीच्या सुट्टीत काढतो." त्या पुन्हा दोनदा बोलल्या. मी दोन्ही वेळा दिवाळीच सांगितली.

दिवाळीला महिना होता. त्या शनिवारी तांदुळज्याची भाजी होती. मुलं जेवली, मीही दोन भाकरी खाल्ल्या. मग मुलं मागे खेळायला गेली. तासाभरात सात जणांना उलट्या सुरू झाल्या. पोटं धरून पोरं जमिनीवर लोळत होती. बाई एकीला ताक पाजत होत्या, दुसऱ्याचं डोकं धरत होत्या. भोकरदनचा डॉक्टर येईपर्यंत सगळं गाव शाळेत गोळा झालं. पाणी आणायला म्हणून मी कुंपणाकडून गेलो, तर तिथे एरंडाच्या बियांची काळी टरफलं पडलेली. मी ती पायाने मातीत दाबली.

सकाळपर्यंत सातही पोरं बरी झाली. पण माराच्या भीतीने त्यांनी बियांचं नाव काढलं नाही, आणि चावडीवर माणसं जमली. डॉक्टर म्हणाले होते, काहीतरी खाण्यात आलंय. खाण्यात काय आलंय हे गावाने आपल्याच मनाने ठरवलं. बाईंनी कालचं भाजीचं पातेलं आणलं, उरलेली गार भाजी सगळ्यांसमोर खाल्ली. "तिला पचत असंल," कुणीतरी म्हणालं. तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, सांगा ना. तुम्ही बी खाल्ली की काल."

सगळे माझ्याकडे बघत होते. भाजी खाल्ली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग पोरांना बाधलं काय? त्याचं उत्तर माझ्या कुंपणापाशी गाडलेलं होतं.

मी म्हणालो, "न्हाई. मी काल जेवलोच नव्हतो."

बाई पातेलं उचलून गेल्या.

दोन दिवसांनी शाळा उघडली तर त्या मागे होत्या. एकट्याच एरंडाचे दांडे उपटत होत्या. चीक लागून तळहात तपकिरी झाले होते. मी पुढे झालो. त्यांनी हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. झालंच बघा. फकस्त हे पुन्हा लावू नका, गुरुजी." त्यांना कळलं होतं. तरी चावडीवर त्या परत गेल्या नाहीत, आणि मीही गेलो नाही. त्यांची बदली झाली. निरोप द्यायला खाला तेवढी गेली.

बायांनी न्हाणीजवळचे वाफे मोडले. शाळेच्या बागेत शेळ्या शिरल्या. सखूच्या आईने शेवगा बंद केला आणि पुढच्या उन्हाळ्यात सखू पुन्हा भिंत धरून चालायला लागली. तिच्या आईला खरं सांगायला मी एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. तिने विचारलं, "काय गुरुजी?" मी म्हणालो, "उद्या शाळेत लवकर पाठवा."

माझी नोकरी कायम झाली. लग्न झालं. मुलांना मी भाजीचं पाणी टाकू देत नाही. बायको याला माझा विक्षिप्तपणा समजते. चार वर्षांपूर्वी आष्टीला गेलो होतो. बाई वारल्याचं त्यांच्या पुतण्याकडून कळलं. "तुम्ही कोण त्यांचे?" त्याने विचारलं. "ओळखीचा," म्हणालो आणि पुढचीच एसटी पकडली.

गावात अजून सांगतात की त्या बाईच्या भाजीने सात पोरं मरता मरता वाचली. माझ्यासमोर सांगतात, आणि मी ऐकून घेतो. त्या सातांपैकी पाच जण गावातच आहेत. त्यांना आता त्यांची मुलं आहेत. त्या पाच घरी जाऊन मला सांगायचं आहे की भाजी चांगली होती, मी स्वतः ती खाल्ली होती, आणि बिया माझ्या कुंपणाच्या होत्या. बाईंचं एवढं देणं माझ्याकडे आहे. ते मी अजून दिलेलं नाही.