दोन्हीकडून बिजागऱ्या

चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाने कपाटाच्या एकाच दाराला दोन्ही बाजूंनी बिजागऱ्या बसवल्या. दार असं चपखल बसलं की फटीत सुई शिरेना. फक्त उघडत नव्हतं.

"कसं झालंय काम?" सुताराने विचारलं.

"एक नंबर," बायको म्हणाली. "आता कपडे काढायला मागची भिंत फोडा."

त्याआधी लाकूड तासायची पटाशी फ्रीजमध्ये सापडली होती, आणि 'फळी आली का' हा प्रश्न रोज चारदा व्हायचा. वय झालं, असं म्हणत तिने वर्ष काढलं. दाराने मात्र तिचा धीर सुटला. हत्यारांच्या पेटीला कुलूप लावून तिने किल्ली पर्समध्ये टाकली. "डॉक्टर हो म्हणतील तेव्हा परत."

किल्लीसाठी सुतार दाढी करून दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाईंनी बायकोलाच जास्त विचारलं: कधीपासून, हळूहळू की एकदम, डोक्याला मार, झोप, चालू गोळ्या. "थायरॉइड बिघडलं, जीवनसत्त्व कमी पडलं, मन खचलं, तरी विसरायला होतं. रक्त तपासू, मेंदूचा स्कॅन काढू." मग सुताराला तीन शब्द लक्षात ठेवायला दिले आणि कागदावर घड्याळ काढायला सांगितलं.

"कंपास?"

"हातानेच काढा."

हाताने काढलेल्याला तो गोल म्हणत नसे. शर्टाच्या शिवणीतला दोरा ओढून त्याने पेन्सिलीला बांधला. दहा मिनिटांत गोल झाला, आकडे मोजूनमापून बसले.

"आता अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

त्याने एक काटा अकरावर नेला, दुसरा दहावर. रेघा अगदी सरळ. बायकोची नजर मोकळ्या राहिलेल्या दोनच्या आकड्यावर गेली.

"मघाचे तीन शब्द?"

"खुर्ची. पण लाकूड कुठलं ते तुम्ही सांगितलं नाहीत."

बाकीचे दोन आले नाहीत.

"आजच आजाराला नाव देत नाही," बाई म्हणाल्या. "अल्झायमर असू शकतो. नुसतं वय नाही हे."

"किल्लीचं बोला."

"विजेची करवत बंद. रंधा, पॉलिशपेपर चालेल. पण शेजारी कुणीतरी बसायला हवं."

"मी बसेन," बायको म्हणाली.

सुताराने तिला खालून वर न्याहाळलं. नवा गडी कामावर घेताना तो असंच बघायचा.

"नुसतं बसून भागणार नाही. फळी धरावी लागेल."

"धरेन."

"हलता कामा नये."

तिने पर्स उघडली.